गोळा सेट होईपर्यंत

माझे काका कवळ्या बनवतात. त्यांना इंग्रजी एकच शब्द येतो, आणि दुसऱ्या शब्दाची गरज त्यांना आजवर पडलेली नाही. तो शब्द म्हणजे 'सेट'.

सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्या आईला विचारतात, "वहिनी, चहा सेट?" म्हणजे झाला का. पहिला घोट घेऊन म्हणतात, "सेट." म्हणजे साखर बेताची आहे. पाठ आखडली की "पाठ सेट झाली". दिवसभर उघडीप मिळणार नसेल तर "पाऊस सेट झालाय". समोरचा घड्याळवाला सांगितलेल्या दिवशी घड्याळ देत नाही, म्हणून "तो माणूस सेट नाही". मी चिडले की "डोकं सेट कर आधी". एकदा गल्लीतले एक आजोबा फार आजारी होते. काका त्यांना बघून आले, चपला काढल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "सेट झाले." आईने त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं, पण भाजी वाढताना डाव भांड्यावर जरा जोरात आपटला.

हा शब्द त्यांना मिळाला तो उस्तादांकडून. काका तरुणपणी ज्यांच्या हाताखाली कवळ्या शिकले, ते उस्ताद दिवसभरात एवढा एकच शब्द बोलायचे. बाकीचं सगळं ते हाताने समजवायचे, आणि हात मोठा होता असं काका सांगतात.

काम असं असतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्या घरातल्याच लॅबला पाठवतात. त्या मापात प्लास्टर ओतलं की जबड्याचा साचा मिळतो. साच्यावर मेण, मेणात दात, आणि पुढे शिजवून, घासून, चकाकवून कवळी. सगळ्याच्या मुळाशी प्लास्टर. ते पाण्यात कालवलं की आधी सायीसारखं असतं, मग लोण्यासारखं, मग घट्ट होतं, आणि घट्ट होताना आपोआप गरम होतं. कुणी चुलीवर ठेवलेलं नसताना गरम होतं, ही मला जगातली एक फार सुंदर गोष्ट वाटते. मी मटेरियल्सची इंजिनिअर आहे. डिग्री घेऊन आल्यावर लॅबमध्ये काकांना मदत करायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना त्याचं समीकरण भिंतीवर लिहून दाखवलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यात सेट कुठे आहे?"

गरम असताना साचा मापातून ओढला तर तो तुटतो. थंड होईपर्यंत थांबायचं असतं. उस्तादांचा नियम होता, गरम असताना हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. यातला दुसरा भाग बहुधा शिकाऊ पोरांनी गप्प बसावं म्हणून होता. पण काकांनी दोन्ही भाग मनावर घेतले, आणि लॅबच्या बाहेरही घेतले.

म्हणजे असं, की काकांना कुणी महत्त्वाचं काही विचारलं की ते उत्तर देत नाहीत. उठतात. डब्यातलं मूठभर प्लास्टर रबरी वाटीत घेतात, माठातलं गार पाणी ओततात, लोखंडी पट्टीने कालवतात, त्याचा गोळा तळहातावर घेतात आणि खुर्चीत बसतात. गोळा घट्ट होतो, गरम होतो, मग हळूहळू निवतो. मधूनमधून ते तो गालाला लावून बघतात. गोळा पूर्ण गार झाला की "सेट" म्हणतात आणि मग उत्तर देतात. विचारासाठी जास्त वेळ मिळावा म्हणून पाणी गार आणि जरा जास्तच घालतात. तेवढ्यात विचारणारा कधी चहा पिऊन येतो, कधी बाजार करून, आणि कधी येतच नाही.

हे गोळे ते टाकून देत नाहीत. आमच्या घरी फ्रिज घ्यायचा का, या प्रश्नाचा गोळा बरीच वर्षं लॅबच्या खिडकीत होता. तो गार होईपर्यंत दुकानातली सवलत संपली होती. मी इंजिनिअर व्हावं का, याचा गोळा बाबांच्या कागदांवर वजन म्हणून बसतो. तो सेट झाला तेव्हा मी प्रवेश घेऊन, कॉलेजची पिशवी विकत घेऊन घरी आले होते. काका म्हणाले, "जा." मी म्हटलं, "आत्ताच आले."

पण सगळ्यांत मोठा गोळा लॅबच्या दारात आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो तिथे ठेवलेला असतो. काका ऐन तरुण असताना एकदा मुलीकडची मंडळी घरी आली होती. माझी आई तेव्हा नवी सून. बोलणी झाली, मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, तुमचं काय म्हणणं?" काका म्हणाले, "आलोच," आणि लॅबमध्ये गेले. प्रश्न मोठा म्हणून गोळाही मोठा घेतला. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. मंडळींनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, आमच्या घरातले सगळे फोटो पाहिले, मुलीच्या वडिलांनी एक डुलकीही काढली. काका गार गोळा हातात घेऊन बाहेर आले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "सेट." खोलीत आई एकटी कपबशा गोळा करत होती.

आई त्या गोळ्याला 'जाऊबाई' म्हणते. दार आपटलं की स्वयंपाकघरातून हाक येते, "अगं, जाऊबाईंना सरकव दारात." काकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना तो गोळा आवडतो. त्यावर त्यांच्या तरुणपणीच्या बोटांचे ठसे आहेत.

लॅबमध्ये आम्ही तिघं असतो. काका, मी, आणि पॉलिशवाले. पॉलिशवाले काकांच्याच वयाचे. तोंडावर फडकं बांधून दिवसभर कवळ्या चकाकवतात, त्यामुळे त्यांचं बोलणं उशीत तोंड घालून बोलल्यासारखं येतं. ते मोजकंच बोलतात, पण बोलले की लागतं.

अशा या लॅबमध्ये एक दिवस बाई आल्या.

बाई म्हणजे पलीकडच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. एकट्या राहायच्या. डिंकाच्या बाटलीचं बूच दातांनी उघडताना त्यांचे पुढचे दोन दात गेले. दात गेल्यापासून 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. वर्गात त्या वेळी नेमका काकांच्याच शब्दाचा धडा चालू होता. बाई फळ्यापाशी उभ्या राहून 'सेट' म्हणाल्या, की खाली मैदानावर कवायतीची मुलं रांगेत उभी राहायची. कवायतीच्या सरांनी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली.

पेशंट सहसा लॅबमध्ये येत नाहीत, डॉक्टरकडेच जातात. पण डॉक्टरांनी बसवलेले तात्पुरते दात बाईंना फार पांढरे वाटले, म्हणून त्या स्वतःच जिना चढून आल्या. "मला माझ्या वयाचे दात हवेत," त्या म्हणाल्या. "हे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत."

काकांनी रंग बदलून नवे दात केले. ते तोंडात बसवायला दिले आणि बघायला सांगितलं. दात नीट बसले की नाही हे 'स'वरून कळतं. म्हणून काका सगळ्यांना एकच शब्द म्हणायला लावतात.

"म्हणा, सेट."

बाईंनी विचारलं, "नाम की क्रियापद?"

हा प्रश्न काकांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांचा हात नकळत प्लास्टरच्या डब्याकडे गेला.

"काय करताय?" बाईंनी विचारलं.

"विचार," काका म्हणाले.

बाई थांबल्या. त्यांना गोळ्याची पद्धत माहीत नव्हती, पण शिक्षिका असल्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय होती. गोळा कालवला, घट्ट झाला, गरम झाला, गार झाला. तोवर त्यांनी पिशवीतल्या उत्तरपत्रिका काढून तपासल्या. शेवटी काका म्हणाले, "दोन्ही म्हणा." बाईंनी दोन्ही म्हणून दाखवले. शिट्टी वाजली नाही. मला दोन्हींत काहीच फरक ऐकू आला नाही, पण काकांनी मान डोलावली, जणू क्रियापद जरा जास्त चांगलं बसलं होतं.

त्या दिवशी खरं तर काम संपलं. दात पहिल्याच फटक्यात बसले होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण काका म्हणाले, "उजवा कणभर वर वाटतो. पुढच्या आठवड्यात येऊन जा." आणि बाई म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतंय."

मग त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. त्या काकांना 'मास्तर' म्हणायच्या, काका त्यांना 'बाई'. काका दात हातात घेऊन बारीक कानशीने, दाताला कळणारही नाही इतकं हळू घासायचे, आणि बाई येताना त्या शब्दाचा एकेक नवा अर्थ घेऊन यायच्या. म्हणाल्या, मोठ्या शब्दकोशात या एवढ्याशा शब्दाला पानंच्या पानं दिली आहेत.

"आज काय आणलंत?" काका विचारायचे.

"आज सूर्य. सूर्य मावळतो, त्यालाही हाच शब्द."

काकांची कानस थांबली. "मावळला म्हणजे संपला. आमच्यात सेट म्हणजे तयार."

"मावळतो तो उद्याच्या तयारीलाच जातो की, मास्तर."

काकांना हे पटलं. त्या संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन सूर्य नीट सेट होतो का ते बघून आले.

पुढच्या आठवड्यात तुटलेलं हाड बसवणं. त्याच्या पुढच्या आठवड्यात घड्याळाला गजर लावणं. मग टेबलावर ताटं मांडणं, प्रवासाला निघणं, कुणाला तरी उदाहरण घालून देणं, एखाद्या गोष्टीवर अडून बसणं. पॉलिशवाल्यांनी मशीन थांबवून फडक्याआडून विचारलं, "एवढी कामं एकटाच करतो तो शब्द? सुट्टी असते का त्याला?"

एकदा बाईंनी व्याकरण आणलं. म्हणाल्या, "याची गंमत म्हणजे हे क्रियापद भूतकाळात गेलं तरी बदलत नाही. काल असो, आज असो, कधीचंच होऊन गेलेलं असो, रूप तेच."

"मग काळ गेला हे कळतं कसं?"

"आजूबाजूच्या शब्दांवरून."

"आमच्या मास्तरांचं तसंच आहे," पॉलिशवाले म्हणाले. "आजूबाजूचे म्हातारे झाले, तेव्हा कळलं."

काका हसले नाहीत. कानशीने दात घासत राहिले. बाईही खाली बघत होत्या. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे दातांशिवाय आणखी काहीतरी घट्ट होतंय.

आईला ते माझ्या आधी कळलं होतं. ती म्हणायची, "भावजी, घासून घासून त्या दातांचा तांदूळ होईल. काय ते बोलून टाका एकदा." काका म्हणायचे, "वहिनी, सेट होऊ दे."

आणि मग ती बातमी आली. बाईंनी ती काकांना न सांगता आधी स्वयंपाकघरात आईला सांगितली. त्यांच्या भावाच्या गावी एका शाळेत जागा होती. भाऊ बोलवत होता. शुक्रवारी तिथल्या शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत येते की नाही ते फोन करून कळवायचं होतं. "त्याआधी मास्तरांना एकदा विचारीन म्हणते," बाई म्हणाल्या. "जाऊ की राहू, एवढंच."

"विचारा ना," आई म्हणाली. मग तिच्या डोळ्यांसमोर जाऊबाई आल्या असाव्यात. कारण ती पुढे म्हणाली, "पण जरा लवकर या. सकाळी सकाळी या."

"सकाळी शाळा आहे," बाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना आई मला सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय गं, ते प्लास्टर लवकर घट्ट करायचं असेल तर काही औषध असतं का?" काका तेव्हा आंघोळीला गेले होते. पॉलिशवाले उशिरापर्यंत काम होतं म्हणून आमच्याकडेच जेवत होते. मला कुणी माझ्या विषयातलं काही विचारलं की मी वाहवत जाते. मी सगळं सांगितलं. चिमूटभर मीठ घातलं तर लवकर होतं, पण जास्त झालं तर उलट उशीर. कोमट पाण्याने लवकर होतं. आधीच घट्ट झालेल्या प्लास्टरची पूड मिसळली तरी लवकर होतं, कारण जुने कण नव्यांना जागा दाखवतात. आणि म्हणूनच साचे घासायच्या मशीनखाली बादलीत जे दुधट पाणी साठतं, ते वापरलं तर फारच लवकर. घाईच्या वेळी बाकीच्या लॅबवाले तेच वापरतात. काका त्याला 'पळपुट्यांचं पाणी' म्हणतात. आयुष्यात त्यांनी त्यात पट्टीसुद्धा बुडवली नाही.

"अस्सं," आई म्हणाली. पॉलिशवाले जेवायचे थांबले होते.

शुक्रवारी सकाळी मी काकांच्या आधी लॅबमध्ये गेले. खिडकीतला फ्रिजचा गोळा घेतला, खलबत्त्यात कुटून बारीक पूड केली आणि प्लास्टरच्या डब्यात मिसळून टाकली. माझा काही वाईट हेतू नव्हता, विज्ञान होतं. डब्याचं झाकण लावताना बोटाला खडबडीत काहीतरी लागलं. चाखून बघितलं. मीठ. आई माझ्याही आधी येऊन गेली होती.

दुपारी बाई आल्या. काकांनी कानस उचलली.

"मास्तर, आज दात बरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

काका घाबरलेच. "कणभर तरी वर असेल."

"नाही. अगदी बरोबर आहेत. दोन्ही. आज मला दुसरंच विचारायचंय." त्या खुर्चीत ताठ बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि वर्गात धडा सांगावा तसं सगळं सांगितलं. भाऊ, शाळा, फोन, ऑफिस बंद व्हायची वेळ. "तेव्हा सांगा. मी जाऊ की राहू?"

पॉलिशचं मशीन बंद झालं. आई दारात येऊन उभी राहिली. हातात चहाचा ट्रे होता, त्यात कप नव्हते.

काका उठले. रबरी वाटी घेतली. डब्यातून प्लास्टर काढलं, मोठी ओंजळ भरून. प्रश्न मोठा होता. ते बघून आईने डोळे मिटले, कारण मागच्या वेळचीही ओंजळ एवढीच होती.

पॉलिशवाल्यांनी पाण्याचा जग हळूच काकांच्या पुढे सरकवला. जगाभोवती फडकं गुंडाळलेलं होतं, बाळाला गुंडाळावं तसं, आणि वरून किंचित वाफ येत होती. काकांनी जगाच्या कानाला हात घातला. आणि तिथेच थांबले.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दारातल्या त्या मोठ्या गोळ्याकडेही पाहिलं. मग जग तसाच ठेवला, गुडघ्यावर बसले, मशीनखालची बादली ओढली आणि रबरी वाटी दुधट पाण्यात बुडवली.

पॉलिशवाल्यांच्या तोंडावरचं फडकं गळून हनुवटीवर आलं.

"काय केलं त्यांनी?" आईने मला कुजबुजत विचारलं.

"पळपुट्यांचं पाणी घेतलं," मी म्हटलं.

काकांनी पट्टी घातली आणि ढवळायला सुरुवात केली. आता त्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की डब्यात मीठ आहे, पूड आहे, आणि वर हे पाणी. पट्टी एकदा फिरली. दुसऱ्यांदा जरा जड गेली. तिसऱ्यांदा फिरलीच नाही. काकांनी पट्टी उचलली, तशी वाटीही उचलली गेली. त्यांनी वाटी उलटी धरली. काही पडलं नाही. हातात गदा घेतल्यासारखे ते लॅबच्या मधोमध उभे होते.

"असं कधी झालं नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी वाटी गालाला लावली आणि झटकन काढली. आणि तेव्हा मला आमची चूक कळली. आम्ही सगळ्यांनी मिळून गोळा लवकर घट्ट करायची सोय केली होती. निवायची कुणीच केली नव्हती. उलट जितक्या लवकर घट्ट होतं तितकं ते जास्त तापतं, हे मला परीक्षेत आलेलं होतं, आणि मी बरोबर लिहिलं होतं. एवढा मोठा गोळा गार व्हायला किती वेळ लागेल याचा मी हिशोब करायला लागले आणि मध्येच सोडून दिला. आई पुढे आली आणि रिकाम्या ट्रेने वाटीला वारा घालू लागली.

"वहिनी, राहू द्या," काका म्हणाले.

"गरम आहे अजून?" आईने विचारलं.

"हो."

आणि काका गरम गोळा हातात धरून बोलले. "बाई, जाऊ नका."

फळीवर हारीने मांडलेल्या सगळ्या कवळ्यासुद्धा कान देऊन ऐकतायत असं वाटलं.

बाईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला. "हे नकारार्थी झालं, मास्तर. होकारार्थी सांगा."

"राहा."

"कुठे?"

"इथे. म्हणजे तुमच्या घरी. म्हणजे तुमच्या घरी राहताच तुम्ही. म्हणजे इथे."

"पूर्ण वाक्य करा. कर्ता कोण आहे?"

"मी," काका म्हणाले. मग म्हणाले, "नाही, तुम्ही." मग वाटी या हातातून त्या हातात घेतली, कारण चटका बसत होता, आणि म्हणाले, "दोघं."

"'आपण' म्हणा, भावजी," आई मागून म्हणाली. "मराठीत शब्द आहे त्याला."

"आपण," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी जपून, नवा दात बसवावा तसा ठेवला. "आपण एका घरात राहू. तुमची हरकत नसेल तर. लग्न करून."

"'लग्न करून' आधी यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"वाक्यात?"

"दोन्हीकडे."

काकांनी मान खाली घातली. पॉलिशवाल्यांनी फडकं वर ओढून डोळे पुसले. आता उत्तर द्यायची पाळी बाईंची होती. त्यांनी काकांच्या हातातून पट्टीसकट वाटी घेतली, स्वतःच्या गालाला लावली आणि म्हणाल्या, "गरम आहे. जरा थंड होऊ द्या, मग सांगते."

आणि खरंच वाटी मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. समोरचा माणूस गोळा निववत बसला की आपल्याला काय होतं, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. ते उठले, बसले, घड्याळ बघितलं, माठाचं झाकण काढून परत लावलं. आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, लोक असेच बसायचे का हो?"

"लोक बिस्किटं तरी खायचे," आई म्हणाली.

तेवढ्यात बाईंना काहीतरी आठवलं. वाटी मांडीवर तशीच धरून त्यांनी लॅबचा फोन ओढला, नंबर फिरवला आणि पलीकडच्या माणसाला स्वच्छ, शिट्टीविना सांगितलं, "नमस्कार. मी येत नाहीये. नाही, घरचं कारण आहे. हो, घर आहे." फोन ठेवला, परत वाटी गालाला लावली, आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही बसा ना, मास्तर. अजून कोमट आहे."

काका बसले. मला वाटतं, फोन कशाचा होता हे त्यांना जरा उशिराच समजलं.

पुढचं भांडण थोडक्यात सांगते. गोळा गार झाल्यावर, बाईंनी रीतसर "हो" म्हटल्यावर, काका तो वाटीतून सोडवायला गेले. बोट ओठाला लागलं. "हा खारट कसा?" त्यांनी विचारलं. आई ट्रे पुसायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, तर त्यांना खिडकीतली फ्रिजची रिकामी जागा दिसली. तेव्हा कुणीही काही विचारलं नसताना पॉलिशवाले कळवळून म्हणाले, "सगळ्यांचं लागू पडलं. माझं कोमट पाणी तेवढं फुकट गेलं."

मग आम्हाला सगळंच काकांना सांगावं लागलं. ते चिडले. इतकी वर्षं घरातली माणसं म्हणून विश्वास ठेवला, आणि आपल्याच डब्यात मीठ. हे असलं काम उस्तादांनी बघितलं असतं तर काय झालं असतं, वगैरे. आईने ते सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही केलं ते केलं," ती म्हणाली. "पण भावजी, बादली कुणी ओढली?"

काकांनी प्लास्टरचा डबा शोधला नाही. बाईंसाठी चहात साखर किती लागते ते विचारायला ते स्वतः स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे कुणी नसल्यामुळे परत आले.

लग्न झालं. बाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि तो मोठा शब्दकोश घेऊन. दात अजून बरोबर आहेत, पण काका महिन्यातून एकदा तपासतात. तो खारट गोळा पट्टीसकट खिडकीत फ्रिजच्या जागी ठेवलाय. पट्टी त्यातून निघत नाही, आणि काका काढायचा प्रयत्नही करत नाहीत. नवी पट्टी आणली.

दारातल्या गोळ्याचं नाव मात्र बदलायला हवं, असं आम्ही सगळे म्हणत होतो. पण सवय जात नाही. परवा दुपारी वारा सुटला आणि लॅबचं दार धाडकन आपटलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, जाऊबाईंना सरकव दारात."

बाई कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्या उठल्या, खुर्ची ओढत दारापाशी नेली, दार उघडलं, आणि खुर्चीची पाठ दाराला लावून तिथेच बसून पुढची उत्तरपत्रिका उघडली.

दार हललं नाही. वाराही छान येत होता. काकांनी कामावरून मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाले, "सेट."